एकच भूगोल, दोन पदव्या

आमच्या भूगोल विभागाची प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला टोपोशीटच्या, म्हणजे भूरूप नकाशांच्या, गुंडाळ्या ठेवायची लोखंडी मांडणी, कोपऱ्यात सर्वेक्षणाची साधनं: दोन डंपी लेव्हल आणि एक प्लेन टेबल. त्याचा एक पाय मी नोकरीला लागलो तेव्हाही ढिला होता. मंगळवारी सकाळी या खोलीत टीवाय बी.ए.ची बॅच असते आणि दुपारी टीवाय बी.एस्सी.ची. शिकवायला दोन्हीकडे मीच. समोच्च रेषांवरून छेद काढताना सकाळच्या पोरांचं जिथं चुकतं, तिथंच दुपारच्या पोरांचंही चुकतं. दोघांच्या जर्नलवर सही माझीच असते. अभ्यासक्रम हुबेहूब एक आहे असं मी म्हणणार नाही. बी.एस्सी.वाल्यांना प्रात्यक्षिकं आणि प्राकृतिक भूगोल जास्त, बी.ए.वाल्यांना मानवी भूगोल जास्त. पण नदीला पूर का येतो आणि गाव नदीकाठीच का वसतं, हे दोघांनाही शिकावंच लागतं.

काही वर्षांपूर्वी दुपारच्या बॅचमधली एक मुलगी पास होऊन गेली. एका कंत्राटी पदासाठी लेखी परीक्षेत तिला चांगले गुण पडले आणि कागदपत्र पडताळणीचं बोलावणं आलं. जाहिरातीत अट होती ‘भूगोल विषयातील कला शाखेची पदवी’. तिच्याकडे भूगोलाची बी.एस्सी. टेबलापलीकडच्या गृहस्थांनी प्रमाणपत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, “मॅडम, जाहिरातीत हे नाव नाही. विद्यापीठाचं समकक्षता पत्र आणा, मग बघू.” म्हणजे दोन्ही पदव्या बरोबरीच्या असल्याचं पत्र. मुदत सात दिवसांची. तिनं मला फोन केला तेव्हा आवाजात राग नव्हता, गोंधळ होता. “सर, मी भूगोलच शिकले ना?”

त्या प्रश्नावर मी बरेच दिवस विचार करतोय. पडताळणीला बसलेल्या माणसाची चूक काढण्यात अर्थ नाही. त्याच्यापुढे जाहिरात होती आणि त्यात एक नाव छापलेलं होतं. खरी गोम आधीची आहे. विद्यापीठ एखाद्या अभ्यासक्रमाला नाव देतं, एका शाखेत बसवतं आणि मोकळं होतं. त्या नावाचा अर्थ पुढच्या प्रत्येक खिडकीवर समजावून सांगायचं काम मात्र विद्यार्थ्याच्या गळ्यात पडतं. माझं म्हणणं साधं आहे: ज्यानं नाव दिलं त्यानंच ते निस्तरावं.

आधी नावांचीच थोडी उलटतपासणी करू. मराठीत ‘अभ्यासक्रम’ हा एकच शब्द आपण किती ठिकाणी राबवतो बघा. ‘बी.कॉम. अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला’ म्हणजे तीन वर्षांची पदवी. ‘यंदा अभ्यासक्रम बदलला’ म्हणजे पेपरमधले घटक. ‘अभ्यासक्रम पूर्ण झाला नाही’ म्हणजे मास्तरांचं शिकवून झालं नाही. नव्या शैक्षणिक धोरणाच्या कागदांत प्रोग्रॅम म्हणजे अख्खी पदवी आणि कोर्स म्हणजे त्यातला एक पेपर. पालकांच्या बोलण्यात कोर्स म्हणजे अख्खी पदवी, आणि पेपर म्हणजे परीक्षेच्या दिवशी हातात पडतो तो. प्रवेशाच्या दिवसांत आमच्या ऑफिससमोर निम्मी वादावादी या शब्दांवरून होते.

‘कला शाखा’ हा शब्द तर त्याहून मजेदार. बी.ए.ला संस्कृत व्याकरण, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, मानसशास्त्र शिकतात. यातली कला कोणती? युरोपात मध्ययुगात ‘आर्ट्स’ म्हणत त्या सात विद्या होत्या. त्यांत व्याकरण आणि तर्काबरोबर अंकगणित, भूमिती आणि खगोलही येत. आपल्याकडच्या चौसष्ट कलांत सुतारकाम आणि रत्नपरीक्षा आहे. म्हणजे दोन्हीकडे हा शब्द ऐसपैस होता. म्हणूनच टिळक डेक्कन कॉलेजातून गणित घेऊन बी.ए. झाले आणि कोणाला त्यात विसंगती वाटली नाही. धोंडो केशव कर्वे गणित घेऊन बी.ए. झाले आणि फर्ग्युसनमध्ये वर्षानुवर्षं गणितच शिकवत राहिले. जयंत नारळीकर केंब्रिजला गणित शिकले तेव्हा तिथली पदवीही बी.ए.च होती. आजही केंब्रिजला भौतिकशास्त्राची तीन वर्षं करणारा मुलगा बी.ए. होऊन बाहेर पडतो. तो आमच्या त्या टेबलासमोर आला असता, तर त्यालाही समकक्षता पत्र आणायला धाडलं असतं.

पुढे आपण त्या शब्दाला कुंपण घातलं. दहावीचा निकाल लागला की पाहुणे विचारतात, “कोणती साईड घेतली?” सायन्स साईड, कॉमर्स साईड, आर्ट्स साईड. जणू रस्त्याच्या या बाजूला राहतो की त्या बाजूला. या तीन साईडना गुणांच्या उतरंडीवर बसवून आपण समाजात एक वर्णव्यवस्था तयार केली आहे. भूगोल, मानसशास्त्र आणि गणित हे विषय मात्र रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे आहेत. त्यांची गत मधल्या दुभाजकावर अडकलेल्या माणसासारखी.

विद्यापीठांची शाखांची वाटणी निसर्गनियमासारखी अढळ असते, असा ज्यांचा समज आहे त्यांनी विद्यापीठाच्या जुन्या डायऱ्या चाळाव्यात. पुणे विद्यापीठात एके काळी मानसनीती व समाजविज्ञान अशी स्वतंत्र विद्याशाखा होती. नाव कसं भारदस्त! कायद्याची वेगळी, शिक्षणशास्त्राची वेगळी. २०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानं चारच ठेवल्या: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानवविज्ञान आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. कायद्याचं शिक्षण मानवविज्ञानात गेलं. शिक्षणशास्त्र आणि पत्रकारिता आंतरविद्याशाखीय झाली. म्हणजे बी.एड.चे प्राध्यापक आदल्या रात्री शिक्षणशास्त्राचे म्हणून झोपले आणि सकाळी आंतरविद्याशाखीय होऊन उठले. वर्गात काहीच बदललं नाही. बदलली ती अधिष्ठात्यांच्या दारावरची पाटी आणि निवडणुकांचे मतदारसंघ. अशी पुनर्रचना करूच नये असं मी म्हणत नाही. पण शाखा ही माणसांनी कारभारासाठी केलेली सोय आहे, हे यावरून कळावं. ज्ञानाचा नकाशा म्हणून ती वाचायला गेलात तर फसाल. नकाशे वाचणं हा माझा धंदा आहे, म्हणून एवढं ठासून सांगतो.

मग अभ्यासक्रमांची नावं खरोखर कशावरून ठरतात? बहुतेक वेळा पैशावरून. हे जरा खोलात जाऊन सांगायला हवं.

मुंबई विद्यापीठात १९९९-२०००च्या सुमारास बीएमएस, म्हणजे व्यवस्थापनाची पदवी, आलं. पाठोपाठ माध्यमांचं बीएमएम, मग अकाउंटिंग अँड फायनान्स (बीएएफ), बँकिंग अँड इन्शुरन्स, फायनान्शियल मार्केट्स. व्यवस्थापन, हिशेब, बँक, विमा हे विषय वाणिज्य शाखेला काही परके नव्हते. जुन्या बी.कॉम.मध्ये ते वैकल्पिक पेपर म्हणून सहज बसले असते, काही होतेही. पण जुनं बी.कॉम. अनुदानित. प्राध्यापकांचा पगार सरकारी, फी बेताची, आणि नवं पद मंजूर व्हायचं तर मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवायच्या. नवी पदवी काढली की ती स्वयंअर्थसहाय्यित. बोलीत ‘सेल्फ फायनान्स’. फी वेगळी, मास्तर तासिका तत्त्वावर, वर्ग दुपारी रिकाम्या होणाऱ्या खोल्यांत. एका कॉलेजात, एकाच जिन्याच्या दोन मजल्यांवर, एक मुलगा अनुदानित बी.कॉम. करतो आणि त्याचा शाळासोबती कैक पट फी भरून बीएएफ करतो. दोघांच्या ताळेबंदात नावे आणि जमा त्याच बाजूंना असतात.

कॉलेजांवर मी दात धरून नाही. सरकारनं पदं भरणं थांबवलं, पोरं वाढत राहिली, त्यातून ही वाट निघाली. या वाटेनं शिकलेली अनेक पोरं उत्तम निघाली, आणि त्या तासिकावाल्या मास्तरांतले काही आमच्यासारख्या कायम लोकांपेक्षा जीव तोडून शिकवतात. पण मग पदवीच्या नावात ज्ञानाचा भेद आहे असा आव तरी आणू नये. तो हिशेबाच्या खात्याचा भेद आहे.

याचा कळस २०२४ साली पाहायला मिळाला. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या (एआयसीटीई) १९८७च्या कायद्यात तंत्रशिक्षणाच्या व्याख्येत अभियांत्रिकी, वास्तुकला, औषधनिर्माण यांच्या पंक्तीला व्यवस्थापनही बसवलेलं आहे. उपयोजित कलाही आहे. त्यामुळे पोस्टर रंगवणारा तंत्रशिक्षण घेतो आणि भौतिकशास्त्रवाला घेत नाही. इतकी वर्षं ही व्याख्या व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांपुरती राबवली जात होती. २०२४-२५पासून परिषदेनं बीबीए, बीसीए आणि बीएमएस आपल्या छत्राखाली घेतले. छत्राखाली आलं की मान्यता आली, आणि आपल्या राज्यात त्यापाठोपाठ सीईटी आली. बारावीच्या पोरांना हे समजेपर्यंत परीक्षा होऊन गेली होती. त्याच वर्षी दुसऱ्यांदा सीईटी घ्यावी लागली. मग मुंबईतल्या अनेक कॉलेजांनी काय केलं? बीएमएसचं नाव बदलून बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) केलं. बी.कॉम. म्हटलं की ते तंत्रशिक्षण नाही. तंत्रशिक्षण नाही म्हणजे सीईटी नाही. जून महिन्यात जे व्यवस्थापन होतं ते जुलैत वाणिज्य झालं. त्यातली युक्ती मला आवडली, हे कबूल करतो. पण २०२३ला बीएमएसला बसलेला भाऊ आणि २०२४ला त्याच कॉलेजात बी.कॉम.ला बसलेली बहीण, दोघं दहा वर्षांनी एकाच जाहिरातीला अर्ज करतील तेव्हा दोघांपैकी एकाला खुलासा द्यावा लागणार. तो त्याच्यासाठी कोण लिहून ठेवणार आहे?

हा खेळ फक्त आपल्याकडेच चालतो असंही नाही. अमेरिकेत केंद्रीय शिक्षण सांख्यिकी खात्यानं १९८० साली अभ्यासक्रमांना आकडी क्रमांक देणारी एक सूची केली. प्रत्येक पदवीला सहा आकडे. हेतू निरुपद्रवी: देशभरात कोण काय शिकतंय याची मोजदाद. पुढे व्हिसाच्या नियमांनी तीच सूची उचलली. परदेशी विद्यार्थ्याला शिक्षणानंतर तिथं वर्षभर नोकरीचा अनुभव घेता येतो. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या, म्हणजे ‘स्टेम’च्या, यादीतला क्रमांक असेल तर आणखी २४ महिने. सर्वसाधारण अर्थशास्त्राचा क्रमांक ४५.०६०१, तो यादीत नाही. अर्थमिती आणि संख्यात्मक अर्थशास्त्राचा ४५.०६०३, तो आहे. २०१८च्या आसपास येलसकट अनेक नामांकित विद्यापीठांनी आपलं अर्थशास्त्र पहिल्या क्रमांकावरून उचलून दुसऱ्यावर ठेवलं. शिकवणारे आणि शिकणारे तेच. शेवटचा एक आकडा बदलला आणि परदेशातून आलेल्या पोरांच्या आयुष्यात दोन वर्षं वाढली. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या कोणत्याही परदेशी शिक्षणाच्या सल्लागाराकडे पाच मिनिटं बसा. पोरं प्राध्यापकांची नावं विचारत नाहीत, “स्टेम आहे ना?” एवढंच विचारतात. मी त्यांना दोष देणार नाही. पन्नास लाखांचं कर्ज डोक्यावर असताना मीही तेच विचारलं असतं. फरक एवढाच, की तिथल्या विद्यापीठांनी क्रमांकाचं ओझं स्वतः उचललं. पोराला पत्र आणायला पाठवलं नाही.

आता समोरची बाजू. नावांवर नियंत्रण हवंच, असं म्हणणाऱ्यांकडे भक्कम कारण आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६च्या कायद्यातलं २२वं कलम सांगतं की पदवी कोणी द्यायची आणि पदवी म्हणजे काय. आयोग राजपत्रात यादी छापतो. जुलै २०१४ची यादी लांबलचक आहे. ती कशासाठी, हे छत्तीसगडनं दाखवलं. २००२च्या तिथल्या कायद्यानं बघता बघता शंभरावर खासगी विद्यापीठं कागदावर उभी राहिली. कित्येकांना धड इमारतही नव्हती. शास्त्रज्ञ प्राध्यापक यशपाल सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००५ साली न्यायालयानं त्या कायद्यातल्या मूळ तरतुदीच रद्द केल्या. नावांना लगाम नसेल तर कोणीही काहीही विकेल. हे मला मान्य आहे.

पण यादी करणं वेगळं आणि यादीलाच देव मानणं वेगळं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेनं २०११ साली चार वर्षांचा बीएस अभ्यासक्रम सुरू केला. २०१४ साली आयोगानं आक्षेप घेतला, कारण ते नाव यादीत बसेना. शेवटी बी.एस्सी. (रिसर्च) असं नाव घेऊन मांडवली झाली. देशातली सगळ्यात मान्यवर विज्ञान संस्था, आणि वाद शिक्षणाच्या दर्जावर नाही, दोन अक्षरांवर. त्या संस्थेच्या संचालकांना दिल्लीत फोन लावता येतो, त्यांचं भागलं. आमच्या मुलीला कोणाला फोन लावता येणार?

न्यायालयंही तिला फारशी मदत करू शकत नाहीत. जम्मू-काश्मीरमधल्या तंत्रज्ञ पदाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली स्पष्ट केलं की अमुक पात्रता तमुकाच्या बरोबरीची धरायची की नाही, हे भरती करणाऱ्या राज्यानं ठरवायचं. न्यायालयानं ती अट ताणून मोठी करायची नाही. कायद्याच्या अंगानं ते बरोबरच असेल. पण परिणाम काय होतो पाहा. विद्यापीठ म्हणतं, नाव आम्ही दिलं, पुढचं भरती करणाऱ्यानं पाहावं. भरती करणारा म्हणतो, विद्यापीठाचं पत्र आणा. न्यायालय म्हणतं, आम्ही त्यात पडत नाही. तिघंही आपापल्या जागी बरोबर, आणि मधे एक पोरगी एसटीच्या तिकिटाचे पैसे मोजत उभी.

नव्या शैक्षणिक धोरणाचा मी भाट नाही. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी... ही अक्षरं पाठ करताना आमच्या स्टाफरूममधल्या भल्याभल्यांना घाम फुटला. वेळापत्रक लावणाऱ्या सहकाऱ्यानं तर टेबलाच्या काचेखाली कोष्टकच ठेवलंय. कला आणि विज्ञानात पक्क्या भिंती नकोत असं धोरण म्हणतं, आणि प्रत्यक्षात आमच्याकडे एकाच भिंतीच्या जागी नऊ खोकी आली. तरी या पसाऱ्यात एक कामाची गोष्ट आहे: क्रेडिट, म्हणजे श्रेयांक. तासांत मोजता येणारं माप. आमच्याकडे थिअरीचे १५ तास किंवा प्रात्यक्षिकाचे ३० तास म्हणजे एक श्रेयांक. २०२१पासून हे श्रेयांक विद्यार्थ्याच्या नावावर जमा ठेवणारी बँकही आहे. म्हणजे ‘ही मुलगी भूगोल किती शिकली’ या प्रश्नाचं उत्तर आता आकड्यात देता येतं. तिची पदवी कोणत्या साईडची, हे विचारायची गरजच उरत नाही.

म्हणून जाहिरात अशी लिहा: ‘कोणत्याही शाखेची पदवी, भूगोल विषयाचे किमान अमुक श्रेयांक.’ एका वाक्यात काम भागतं. जुन्या पदव्यांना श्रेयांक नाहीत, त्यांच्यासाठी पेपरांची संख्या चालेल. ज्या पदांना परिषदेची नोंदणी लागते, जसं डॉक्टर, वकील, वास्तुविशारद, तिथं नावाची अट राहू द्या. तिथं नावाच्या मागे परवाना उभा आहे. पण लिपिकापासून संशोधन सहायकापर्यंत जी शेकडो पदं निघतात, त्यांत शाखेचं नाव घालायचं कारण बहुधा एवढंच असतं, की मागच्या जाहिरातीत ते होतं.

आणि विद्यापीठांसाठी एकच अट. ज्या दिवशी विद्या परिषद एखाद्या पदवीचं नाव बदलते किंवा तिला नव्या शाखेत हलवते, त्याच ठरावात जुनं नाव, नवं नाव आणि दोन्ही समकक्ष आहेत हे वाक्य असावं. तो ठराव संकेतस्थळावर खुला असावा. त्यातल्या दोन ओळी प्रमाणपत्राच्या मागच्या बाजूला छापाव्यात. समकक्षता पत्रासाठी विद्यार्थ्याकडून अर्ज आणि शुल्क घेणं बंद करावं. ज्या दुकानदारानं पुडीवर अर्धवट नाव लिहिलं, त्यानं ते पुरं करायचे पैसे गिऱ्हाइकाकडे मागितले तर गिऱ्हाईक त्याला काय ऐकवेल?

‘असं केलं तर विद्यापीठावर कामाचा भार वाढेल,’ असं एका बैठकीत मला ऐकवलं गेलं. वाढेलच. वाढावाच. नाव बदलणं फुकट आहे म्हणून तर ते इतक्यांदा बदलतं. प्रत्येक नव्या नावामागे समकक्षतेचा हिशेब जोडावा लागला, तर निम्मी नामांतरं पहिल्याच बैठकीत बारगळतील.

त्या मुलीचं समकक्षता पत्र शेवटी आलं. विद्यापीठाच्या खिडकीवर अर्ज, शुल्काची पावती, मग अभ्यास मंडळाच्या अध्यक्षांचा अभिप्राय. अध्यक्ष रजेवर. मग पुन्हा खिडकी. सात दिवसांची मुदत कधीच उलटून गेली होती. पत्र तिसऱ्या महिन्यात हातात पडलं, एका परिच्छेदाचं. ‘सदर पदवी भूगोल विषयातील कला शाखेच्या पदवीशी समकक्ष आहे.’ तिनं त्याचा फोटो मला पाठवला आणि विचारलं, “सर, हे लॅमिनेट करून ठेवू का?” मी म्हटलं, करू नकोस. लॅमिनेट केलेला मूळ कागद काही ठिकाणी चालत नाही.